पोपला पत्र लिहून क्रुसेड थोपवणारा राजा

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळा युरोप ख्रिस्ती झालेला होता. दक्षिणेला स्पेनच्या टोकाशी ग्रॅनाडाचं मुस्लिम राज्य तग धरून होतं आणि उत्तरेला, बाल्टिक समुद्राजवळच्या जंगलात नि दलदलीत, लिथुआनिया. इथले लोक विजेच्या देवाला, पेर्कूनासला भजायचे आणि मेलेल्यांना चितेवर जाळायचे. १३१६ ते १३४१ अशी पंचवीस वर्षं या राज्याच्या गादीवर गेडिमिनास होता. त्याच्या राज्यावर पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून क्रुसेड, म्हणजे पोपच्या आशीर्वादाने चाललेलं धर्मयुद्ध, चालू होतं, आणि आजूबाजूच्या ज्या ज्या जमातींवर ते चालून गेलं होतं त्या सगळ्या संपल्या होत्या किंवा गुलामीत गेल्या होत्या. लिथुआनिया मात्र टिकला, एवढंच नाही तर वाढला. तलवार गेडिमिनासकडे होतीच. पण त्याचं सगळ्यात उपयोगी पडलेलं हत्यार म्हणजे एक बाप्तिस्मा, ख्रिस्ती होण्याचा विधी, जो त्याने जन्मभर घेतला नाही.

क्रुसेड म्हटलं की आपल्याला जेरुसलेम आणि सलादिन आठवतो. पण पोपने उत्तरेतल्या मूर्तिपूजकांविरुद्धच्या लढाईलाही तोच दर्जा दिला होता. जेरुसलेमला जाऊन लढलं की जशी पापांची माफी, तशीच इथेही. १२०१ साली बिशप अल्बर्टने दौगावा नदीच्या मुखाजवळ रीगा शहर वसवलं आणि पुढच्याच वर्षी तिथे तलवारधारी संन्याशांची एक संघटना उभी राहिली. हे लोक ब्रह्मचर्याची, गरिबीची शपथ घ्यायचे, प्रार्थना म्हणायचे आणि चिलखत घालून लढायचे. १२३६ मध्ये साउलेच्या लढाईत या संघटनेचं कंबरडं मोडलं, तेव्हा उरलेसुरले शिलेदार ट्यूटॉनिक ऑर्डर नावाच्या मोठ्या जर्मन संघटनेत विलीन झाले. ही ऑर्डर मुळात पॅलेस्टाइनमधल्या आक्रे शहरात, जखमी जर्मन यात्रेकरूंच्या इस्पितळातून निघालेली. तिला पोलंडच्या कोन्राड नावाच्या सरदाराने १२२६ च्या सुमारास प्रशियन जमातींच्या बंदोबस्तासाठी बोलावलं. पाहुणे आले ते घरमालक होऊन बसले. सुमारे पन्नास वर्षं लढून १२८३ पर्यंत त्यांनी प्रशियनांचा देश गिळला. प्रशियनांची भाषा पुढे पार नामशेष झाली. जर्मनीतलं नंतरचं बलाढ्य प्रशिया राज्य ज्यांच्या नावाने ओळखलं गेलं, ते लोक हेच.

म्हणजे आता ऑर्डरचे दोन प्रदेश झाले. पश्चिमेला प्रशिया, उत्तरेला लिवोनिया (आजचा लाटव्हिया आणि एस्टोनियाचा भाग), आणि दोघांच्या मधे समुद्राकडे घुसलेला जंगली पट्टा, समोगिशिया. तो लिथुआनियन लोकांचाच भाग. हा पट्टा घेतला की ऑर्डरची जमीन सलग होणार होती. लिथुआनिया कात्रीत सापडला होता.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १२९१ मध्ये आक्रे पडलं आणि पॅलेस्टाइनमधलं क्रुसेड आटोपलं. १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने टेंप्लर नाइट्सना अटक केली आणि १३१२ मध्ये पोपने ती संघटनाच बरखास्त केली. अशीच दुसरी लढवय्या संघटना, अफाट जमीनजुमला असलेली, युरोपभर देणग्या गोळा करणारी. ट्यूटॉनिक ऑर्डरच्या पोटात गोळा आला नसता तरच नवल. १३०९ मध्ये तिच्या प्रमुखाने व्हेनिसमधलं बिऱ्हाड हलवून विस्तुला नदीच्या फाट्यावर मारिएनबुर्ग किल्ल्यात मुक्काम ठोकला. आपण किती गरजेचे आहोत हे जगाला दाखवायचं, तर समोर मूर्तिपूजक हवेत. ऑर्डरचा धंदाच मूर्तिपूजकांच्या असण्यावर चालत होता. लिथुआनियन लोक उद्या शहाण्यासारखे ख्रिस्ती झाले असते, तर सगळ्यात मोठी पंचाईत ऑर्डरचीच झाली असती.

हे गेडिमिनासच्या बरोबर लक्षात आलं होतं.

लढाई कशी चालायची तेही सांगायला हवं. दोन मुलखांच्या मधे मैलोन् मैल माणूस नसलेलं जंगल आणि दलदल होती. तिथे चिलखती घोडदळ उन्हाळ्यात रुतायचं. आपल्याकडे पावसाळा सरला, नद्यांचं पाणी उतरलं, की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघायच्या. बाल्टिकमध्ये हाच हिशेब थंडीचा होता. जानेवारी-फेब्रुवारीत दलदल आणि नद्या गोठून टणक झाल्या की त्यांच्यावरून फौज जायची. थंडी कमी पडली तर बर्फ फुटायचा, फारच कडक पडली तर माणसं आणि घोडी मरायची. मधलं काही आठवड्यांचं हवामान मिळालं तर वाटाड्यांच्या मागे मागे जंगल ओलांडायचं, गावं जाळायची, गुरं नि माणसं पकडायची आणि बर्फ वितळायच्या आत परत फिरायचं. उन्हाळ्यातही स्वाऱ्या व्हायच्या, बऱ्याचशा नदीतून, होड्यांनी. या स्वाऱ्यांना युरोपभरातले राजेरजवाडे हौसेने यायचे, कारण पुण्यही मिळायचं आणि मर्दुमकीही. बोहेमियाचा राजा जॉन १३२९ मध्ये स्वतः समोगिशियात उतरला होता.

लिथुआनियन काही हात बांधून बसले नव्हते. तेही तशाच स्वाऱ्या करायचे, तितक्याच निर्दय. १३२० मध्ये समोगिशियात घुसलेल्या ऑर्डरच्या फौजेचा त्यांनी फडशा पाडला, खुद्द ऑर्डरचा मार्शल, म्हणजे सेनापती, त्यात मारला गेला आणि पकडलेल्या एका अधिकाऱ्याला देवांना बळी म्हणून जाळलं. गेडिमिनासला संत समजू नये म्हणून हे सांगतो आहे.

मग बाप्तिस्मा घेऊन हा प्रश्न एका फटक्यात सोडवायचा ना? हा सरळ प्रश्न, आणि त्याचं उत्तर गेडिमिनासच्या आधीच्या एका राजाने स्वतःवर प्रयोग करून देऊन ठेवलं होतं. मिंदाउगासने १२५१ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १२५३ मध्ये पोपच्या परवानगीने राजमुकुट चढवला. लिथुआनियाचा तो पहिला आणि शेवटचा अभिषिक्त राजा. त्याच्या बदल्यात त्याने समोगिशियातल्या जमिनी ऑर्डरला लिहून दिल्या. समोगिशियन लोकांना ते मान्य होणं शक्यच नव्हतं; १२६० मध्ये दुर्बेला त्यांनी ऑर्डरचा दणदणीत पराभव केला. मिंदाउगासलाही ऑर्डरशी फारकत घ्यावी लागली आणि १२६३ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याचा खून केला. बाप्तिस्म्याने ऑर्डरची भूक भागली नाही आणि घरची माणसं मात्र उलटली. साठ वर्षांनंतरही ही आठवण गेडिमिनासच्या राजधानीत, विल्नियसमध्ये, ताजी असणार.

गेडिमिनासच्या हाताशी आणखी एक गोष्ट होती: ख्रिस्ती लोकांमधलीच भांडणं. रीगा शहरातल्या व्यापाऱ्यांना आणि तिथल्या आर्चबिशपला ऑर्डरचा तिटकारा होता. दौगावा नदीवरून मेण, कातडी, फर खाली यायचं आणि मीठ, कापड वर जायचं. या व्यापाराला शांतता लागते आणि ऑर्डरला तर लढाई हवी. १२९७ मध्ये रीगा आणि ऑर्डर यांच्यात उघड युद्ध पेटलं. तेव्हा रीगाच्या ख्रिस्ती नागरिकांनी मदतीला कुणाला बोलावलं? मूर्तिपूजक लिथुआनियनांना! गेडिमिनासचा भाऊ वितेनिस तेव्हा गादीवर होता. त्याची फौज पुढे बरीच वर्षं रीगा शहराच्या रक्षणासाठी तिथे ठाण मांडून होती. क्रुसेडने वसवलेल्या शहराचं रक्षण मूर्तिपूजक करताहेत, आणि तेही क्रुसेडवाल्यांपासून. धर्मयुद्धाचं बाहेरून दिसणारं चित्र आणि आतला व्यवहार यांत केवढं अंतर होतं, ते या एका गोष्टीवरून कळतं.

गेडिमिनासने ही फट आणखी रुंद केली. १३२२ मध्ये त्याने फ्रान्समधल्या अविन्यॉनला, जिथे तेव्हा पोप राहायचे, पोप बाविसावे जॉन यांना पत्र धाडलं. पत्र लॅटिनमध्ये, लिहिणारे त्याच्या पदरचे फ्रान्सिस्कन साधू. होय, या मूर्तिपूजक राजाने आपल्या दरबारात ख्रिस्ती साधू ठेवले होते आणि त्यांना चर्चही बांधू दिलं होतं. पत्रातला युक्तिवाद एखाद्या कसलेल्या वकिलाचा आहे. मिंदाउगास सगळ्या राज्यासकट ख्रिस्ती झाला होता, पण ऑर्डरच्या जुलमामुळे आणि दगाबाजीमुळे लोकांनी तो धर्म सोडला. वितेनिसने साधू मागवले, त्यांना चर्च दिलं, ते ऑर्डरने फौज पाठवून जाळलं. आम्ही ख्रिस्ती लोकांशी लढतो ते त्यांचा धर्म बुडवायला नाही, अन्यायाचा प्रतिकार करायला, ख्रिस्ती राजे आपसात लढतात तसेच. आणि आता आम्ही, इतर ख्रिस्ती राजांसारखे, आपल्या आज्ञेत राहून धर्म स्वीकारायला तयार आहोत; फक्त या छळणाऱ्यांपासून आमची सुटका करा.

म्हणजे मूर्तिपूजक का उरले, तर ऑर्डरमुळे. ज्या कारणासाठी ऑर्डर अस्तित्वात होती, तेच कारण त्याने तिच्यावर उलटवलं.

१३२३ मध्ये त्याने पुढची चाल खेळली. ल्युबेक, रोस्टॉक, श्ट्रालझुंड अशा उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांना आणि साधूंच्या संघांना पत्रं गेली. यायला हवं ते कोण? शिलेदार, व्यापारी, लोहार, सुतार, चांभार, फरचं काम करणारे. येताना-जाताना जकात माफ. शेतकऱ्याला दहा वर्षं शेतसारा माफ. कायदा रीगा शहराचा लागू. साधूंकडे मागणी अशी, की पोलिश, सेमिगालियन (शेजारच्या एका बाल्टिक जमातीची भाषा) आणि प्रशियन येणारी माणसं पाठवा. शहरांना विनंती अशी, की पत्राची नक्कल करून चर्चच्या दारावर लावा आणि मूळ पत्र पुढच्या शहराला पाठवून द्या. आपण दिलेला शब्द मागे घेण्याआधी लोखंडाचं मेण होईल आणि पाण्याचं पोलाद, असंही त्यात ठणकावून सांगितलं आहे. पत्रं निघाली ‘आमच्या विल्नियस शहरातून’. त्या शहराचं नाव लिखित स्वरूपात पहिल्यांदा सापडतं ते याच पत्रात, आणि म्हणून २०२३ मध्ये विल्नियसने आपला सातशेवा वाढदिवस साजरा केला.

ही मूळ पत्रं आज उरलेली नाहीत, नकला आहेत. ल्युबेकमध्ये एका नोटरीने नक्कल करताना त्यावरच्या मेणाच्या मुद्रेचंही वर्णन लिहून ठेवलं: बारा कोनांची मुद्रा, मधे सिंहासनावर बसलेला लांब केसांचा पुरुष, एका हातात मुकुट, एका हातात राजदंड, आणि कडेच्या अक्षरांजवळ क्रूस. मूर्तिपूजक राजाच्या मुद्रेवर क्रूस. पत्रात स्वतःचा उल्लेख ‘देवाच्या कृपेने लिथुआनियनांचा आणि अनेक रुथेनियनांचा राजा’. रुथेनियन म्हणजे त्याच्या राज्यातले पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती स्लाव लोक. देव कोणता, ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

आणि याच १३२३ सालात त्याच्या फौजांनी मार्चमध्ये मेमेल शहर जाळलं नि सप्टेंबरमध्ये पोलंडमधला डोब्झिन प्रांत उद्ध्वस्त केला. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात पलिता.

पण चाल लागू पडली. २ ऑक्टोबर १३२३ ला विल्नियसमध्ये तह झाला. एका बाजूला गेडिमिनास, दुसऱ्या बाजूला रीगा, आर्चबिशपची माणसं, डेन्मार्कच्या ताब्यातला एस्टोनियाचा भाग आणि नाखुशीने का होईना, ऑर्डरची लिवोनियन शाखा. प्रशियातल्या बिशपांनी बोंबाबोंब केली, की या माणसावर विश्वास ठेवू नका. पण पोपसमोर एक अख्खं राज्य बाप्तिस्म्याला तयार असल्याचा कागद होता. पोपने तह मान्य केला, ऑर्डरला शांततेचा हुकूम सोडला आणि दोन फ्रेंच धर्मगुरूंना प्रतिनिधी नेमून बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी रवाना केलं.

हे दोघे १३२४ च्या सप्टेंबरात रीगाला पोचले. त्यांनी पुढे विल्नियसला माणसं पाठवली, ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला राजासमोर उभी राहिली. या माणसांनी परत येऊन दिलेला अहवाल आज उपलब्ध आहे, आणि मध्ययुगातल्या बाल्टिकबद्दल एवढा जिवंत कागद क्वचितच सापडेल. राजाने आधी विचारलं, मी पोपला काय लिहिलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे का? ते म्हणाले, आपण बाप्तिस्मा घेऊ इच्छिता. राजा म्हणाला, तसं लिहायला मी सांगितलं नव्हतं. माझ्या लेखनिकाने, ब्रदर बेर्टोल्डने, लिहिलं असेल तर ते त्याच्या माथी. माझ्या मनात असं कधी आलं असेल, तर सैतानच मला बाप्तिस्मा देवो!

पोपला मी वडील मानेन, तो पुढे म्हणाला, कारण ते माझ्याहून मोठे आहेत. माझ्याहून मोठे ते मला वडिलांसारखे, बरोबरीचे ते भावासारखे, धाकटे ते मुलांसारखे. ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या रीतीने देवाची भक्ती करावी, रुथेनियनांनी त्यांच्या, पोलिश लोकांनी त्यांच्या, आम्ही आमच्या रीतीने करू. देव सगळ्यांचा एकच आहे. आणि ख्रिस्ती लोकांचं मला काय सांगता? अन्याय, जुलूम, क्रौर्य ख्रिस्ती लोकांत आहे तेवढं कुठे आहे, विशेषतः त्या ऑर्डरच्या बांधवांत?

मग लेखनिकांची झडती झाली. दोन्ही फ्रान्सिस्कन साधू एकमेकांकडे बोट दाखवू लागले. राजाच्या तोंडून ऐकलं तेवढंच लिहिलं, असंही त्यांचं म्हणणं. माझं मत विचाराल तर साधूंनी शब्द थोडे पुढे ढकलले असतील, पण त्यातून काय अर्थ निघतो हे गेडिमिनासला कळत नव्हतं असं मानणं अवघड आहे. वर्षभर सगळा युरोप तोच अर्थ घेत होता आणि त्याने एकदाही दुरुस्ती पाठवली नाही.

अहवालात याच्या पुढे एक तपशील आहे, त्यापाशी मी दरवेळी थबकतो. राणीच्या महालातल्या एका बाईने सांगितलेली हकीकत म्हणून ती येते: राजा आपल्या एका विश्वासू माणसाबरोबर खोलीत जाऊन रात्रभर रडला. कारणही दिलं आहे. ऑर्डरने समोगिशियातल्या बड्या माणसांना भेटी देऊन फोडलं होतं आणि राजाने बाप्तिस्मा घेतला तर आम्ही त्याच्यावर उठू, अशी धमकी त्यांनी दिली होती. ऑर्थोडॉक्स रुथेनियनांकडूनही तसाच इशारा होता. ही ऐकीव गोष्ट आहे, एका बाईकडून साधूकडे, साधूकडून दूतांकडे आलेली, त्यामुळे जपून घ्यायची. पण राजाची अडचण तिच्यातून अचूक दिसते. त्याच्या प्रजेतला मोठा हिस्सा, आजच्या बेलारुस भागातला, पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स पंथाचा होता; पोपचा बाप्तिस्मा त्यांना खुपणारा. समोगिशियन कट्टर जुन्या धर्माचे. मधे उभं राहायचं तर कुठल्याच बाजूचं न होणं हाच एक मार्ग होता. आणि गंमत बघा, या हकिकतीप्रमाणे राजाने ख्रिस्ती होऊ नये म्हणून पैसे पेरत होती ती ख्रिस्ती धर्म पसरवायला आलेली संघटना.

पोपचे प्रतिनिधी हात हलवत परत गेले. पण तह राहिला. १३२८ पर्यंत, चार वर्षं, ऑर्डरला गप्प बसावं लागलं. या चार वर्षांचा गेडिमिनासने पुरेपूर उपयोग केला. १३२५ मध्ये त्याने आपली मुलगी अल्दोना पोलंडचा राजा लोकिएतेक याच्या मुलाला, कासिमीरला दिली. ती बाप्तिस्मा घेऊन अ‍ॅना झाली. पोलंड कॅथलिक, पण ऑर्डरने १३०८ मध्ये ग्दान्स्क बळकावल्यापासून तिचा हाडवैरी. मुलींच्या लग्नांत या राजाने धर्म आडवा येऊ दिला नाही: एक मुलगी मॉस्कोला, एक त्वेरला, एक माझोवियाला. जावई ऑर्थोडॉक्स असेल तर मुलगी ऑर्थोडॉक्स, कॅथलिक असेल तर कॅथलिक. स्वतः मात्र होता तिथेच.

१३३० मध्ये ऑर्डरने रीगा शहराला शरण यायला लावलं आणि गेडिमिनासचा तो दोस्त हातचा गेला. स्वाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. १३३६ मध्ये पिलेनाईच्या गढीत कोंडलेल्या लोकांनी शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःला संपवलं, असं ऑर्डरचाच बखरकार लिहितो. तरीही १३३८ मध्ये लिवोनियन शाखेशी व्यापाराचा करार झाला: दौगावाच्या व्यापारी वाटांवर दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांना कुणी हात लावायचा नाही, लढाई चालू असो वा नसो. १३४१ मध्ये गेडिमिनास वारला आणि त्याचं जुन्या रीतीने दहन झालं.

त्याचा संशय किती खरा होता, हे नंतर कळलं. नातू योगाइला याने १३८६ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ऑर्डरकडून नव्हे, तर पोलंडकडून, तिथल्या राणीशी लग्न करून आणि पोलंडची गादी पदरात पाडून. आता लिथुआनियात मूर्तिपूजक राजा नव्हता. ऑर्डर म्हणाली, हे सगळं ढोंग आहे, आणि स्वाऱ्या चालूच ठेवल्या. १३९० मध्ये विल्नियसला वेढा पडला, त्यात इंग्लंडहून क्रुसेड करायला आलेला हेन्री बोलिंगब्रोकही होता. पुढे तो चौथा हेन्री म्हणून इंग्लंडचा राजा झाला. शहराचा बाप्तिस्मा होऊन तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. १४१० मध्ये ग्रुनवाल्डला पोलंड-लिथुआनियाने ऑर्डरला चारी मुंड्या चीत केलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत समोगिशियन लोकांनी आपली तक्रार मांडली: या लोकांना आमचे आत्मे नकोत, आमच्या जमिनी हव्यात. समोगिशियाचा बाप्तिस्मा शेवटी योगाइला आणि त्याचा चुलतभाऊ वितौतास यांनीच केला. तिथला स्वतंत्र बिशप नेमला गेला तो १४१७ मध्ये, आणि त्यात ऑर्डरचा काही हात नव्हता.